पुण्यात ‘स्मार्ट’ झालं ते औंध-बाणेरच का? पुनर्विकासासाठी वस्ती निवडतात कशी?

2016च्या जानेवारीत केंद्र सरकारने स्मार्ट सिटीची पहिली यादी जाहीर केली. 20 शहरांच्या त्या यादीत भुवनेश्वर पहिलं आणि पुणे दुसरं होतं. पुणेकर खूश झाले आणि लगेच एक प्रश्नही विचारला जाऊ लागला. संपूर्ण पुणे ‘स्मार्ट’ होणार नव्हतं, त्यातला एक भाग होणार होता. तो भाग होता औंध, बाणेर आणि बालेवाडी.

येरवडा नाही, जनता वसाहत नाही, ताडीवाला रोड नाही, जुन्या पेठासुद्धा नाहीत. मोठमोठ्या सोसायट्या आणि आयटीवाल्यांचे फ्लॅट असलेला पश्चिमेचा पट्टा निवडला गेला. ‘ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांनाच आणखी कशाला?’ हा टोमणा तेव्हा सोशल मीडियावर भरपूर फिरला, आजही अधूनमधून फिरतो.

टोमणा पूर्ण खरा नाही आणि पूर्ण खोटाही नाही. पण त्यामागे एक महत्त्वाचा प्रश्न आहे. सरकार शहरातल्या एखाद्या भागाचा कायापालट करायला पैसे काढतं, तेव्हा तो भाग ठरतो कसा? कोण ठरवतं? निकष काय असतात?

आधी पुण्याचं गणित

स्मार्ट सिटी मिशन 25 जून 2015ला सुरू झालं. देशातली 100 शहरं निवडायची, प्रत्येकाला केंद्राने पाच वर्षांत साधारण 500 कोटी द्यायचे आणि तेवढेच राज्याने आणि महापालिकेने मिळून घालायचे, अशी रचना होती. हे पैसे अख्ख्या शहरावर पसरले तर कुठेच काही दिसणार नाही, म्हणून शहराने एक सलग भाग निवडून तिथेच काम करावं असा नियम झाला. यालाच ‘एरिया बेस्ड डेव्हलपमेंट’ म्हणतात, मराठी कागदपत्रांत ‘क्षेत्राधारित विकास’.

भाग किती मोठा हवा, तेही ठरलेलं होतं. असलेल्या वस्तीतच सुधारणा करायची असेल तर 500 एकरांपेक्षा जास्त. जुनं पाडून नवं बांधायचं असेल तर 50 एकरांपेक्षा जास्त. मोकळ्या जमिनीवर नवं वसवायचं असेल तर 250 एकरांपेक्षा जास्त. डोंगराळ आणि ईशान्येकडच्या राज्यांना यात सूट होती.

पुण्याने निवडलेला पट्टा साधारण 900 एकरांचा होता. तेव्हाच्या महापालिका हद्दीचा हा सुमारे दीड टक्का. पुण्याच्या प्रस्तावाचा एकूण आकडा होता साधारण 2,900 कोटी रुपये आणि त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश या एका पट्ट्यासाठी होते. उरलेले वाहतूक, पाणी अशा संपूर्ण शहराच्या योजनांसाठी.

आता हे 2011च्या जनगणनेशेजारी ठेवून बघा. पुणे महापालिका हद्दीतले सुमारे 22 टक्के लोक तेव्हा झोपडपट्ट्यांत राहत होते.

मग निवडलं तरी का?

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. या योजनेचा मूळ प्रश्नच ‘सगळ्यात जास्त गरज कुठे आहे?’ हा नव्हता. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत उद्देश सरळ लिहिला होता. इतरांना करून बघता येईल असं, दीपस्तंभासारखं एक मॉडेल उभं करायचं.

शिवाय ही स्पर्धा होती. शहरांच्या प्रस्तावांना गुण मिळत होते आणि 100 पैकी 55 गुण एकट्या या क्षेत्राधारित प्रस्तावाला होते. तुम्ही महापालिका आयुक्त आहात असं समजा. दाट वस्तीची, जमिनीच्या मालकीचे वाद असलेली, ड्रेनेजपासून घरांपर्यंत सगळंच नव्याने करावं लागेल अशी जागा निवडलीत, तर पाच वर्षांत काम संपवून दाखवणं अवघड. जिथे रस्ते थोडे रुंद आहेत, नागरिकांचे गट आधीच जागे आहेत आणि खाजगी पैसा येऊ शकतो अशी जागा निवडलीत, तर प्रस्ताव चांगला दिसतो आणि निकालही वेळेत दाखवता येतो. स्पर्धेचे नियमच असे असतील, तर उत्तर औंध-बाणेरकडे झुकणार हे आश्चर्याचं नाही.

आणि त्या भागाला गरज नव्हती असंही नाही. बाणेर, बालेवाडी ही 1997मध्ये हद्दीत आलेली गावं. तिथे इमारती भराभर उठल्या आणि रस्ते, पाणी, फुटपाथ मागे राहिले. लाखांत-कोटींत फ्लॅट घेऊन टँकरची वाट बघणारी सोसायटी हे तिथलं नेहमीचं दृश्य होतं. पुढे औंधमध्ये परिहार चौकाच्या परिसरात फुटपाथ रुंद झाले. चालणाऱ्यांना ते आवडले, पार्किंग गेलं म्हणून दुकानदार चिडले.

त्याच नियमाने दुसऱ्या शहरांनी वेगळं निवडलं हेही बघायला हवं. सोलापूरने शहराच्या मध्यभागातला, सिद्धेश्वर तलाव, होम मैदान, पार्क स्टेडियम असलेला जुना भाग घेतला. नागपूरने पूर्वेच्या टोकाचा पारडी-भरतवाडा-पुनापूर हा मागे पडलेला, सुमारे 1,700 एकरांचा पट्टा घेतला. कागदावर नागपूरची निवड जास्त न्याय्य वाटते. पण तिथे नगररचना योजना राबवून नवे रस्ते आखले गेले आणि त्या आखणीत ज्यांची घरं आली त्यांनी जोरदार विरोध केला. गरीब वस्ती निवडली म्हणजे गरिबाचं भलं झालंच असं नाही, याचं हे जवळचं उदाहरण.

गरजेवरून निवडता येतं का?

येतं. इंग्लंड हे बरीच वर्षं करतंय, म्हणून त्यांची पद्धत थोडी तपशिलात बघू.

तिथे ‘इंडेक्स ऑफ मल्टिपल डेप्रिव्हेशन’ नावाचा निर्देशांक आहे. देशाचे छोटे छोटे तुकडे पाडलेत. 2019च्या निर्देशांकात असे 32,844 तुकडे होते, प्रत्येकात सरासरी दीड-पावणेदोन हजार माणसं. प्रत्येक तुकड्याला सात गोष्टींवरून गुण मिळतात. उत्पन्न आणि रोजगार यांना सगळ्यात जास्त वजन, प्रत्येकी 22.5 टक्के. शिक्षण आणि आरोग्य प्रत्येकी 13.5. गुन्हेगारी, घरं आणि सेवांपर्यंतची पोहोच आणि राहण्याचं वातावरण प्रत्येकी 9.3. मग सगळ्या तुकड्यांची क्रमवारी लागते आणि ती कुणालाही इंटरनेटवर बघता येते. आपली गल्ली कितव्या नंबरवर आहे, हे तिथला शाळकरी मुलगाही शोधू शकतो.

अशा मोजमापाच्या आधारे इंग्लंडने 1998मध्ये ‘न्यू डील फॉर कम्युनिटीज’ हा कार्यक्रम सुरू केला. 39 वस्त्या, दहा वर्षं आणि प्रत्येकीला सुमारे 5 कोटी पौंड. पण तिथेही निवड दोन टप्प्यांत झाली. सरकारने मागासपणाच्या मोजमापावरून स्थानिक संस्था निवडल्या आणि त्यातली नेमकी वस्ती स्थानिक पातळीवर ठरली. म्हणजे आकड्यांनी शहरापर्यंत आणलं, पण कुठली गल्ली आत आणि कुठली बाहेर हा निर्णय शेवटी माणसांनीच घेतला. एखाद्या गरीब शहरातली दुसऱ्या नंबरची वस्ती तेवढीच बिकट असली तरी बाहेर राहिली.

निर्देशांकाची आणखी एक मर्यादा आहे. इसेक्समधल्या जेविक या समुद्रकाठच्या वस्तीचा एक भाग 2010, 2015 आणि 2019 अशा तिन्ही वेळा देशातला सगळ्यात मागास तुकडा ठरला. क्रमवारीने दुखणं कुठे आहे ते सांगितलं, पण ते बरं करणं हे वेगळंच काम असतं.

स्पेनमधल्या कॅटलोनियाने तिसरा रस्ता काढला. 2004च्या तिथल्या वस्ती सुधारणा कायद्यात नगरपालिकांनी अर्ज करायचा, वस्तीची अवस्था आकड्यांत मांडायची, गुण मिळवायचे आणि निवड झाली की खर्चाचा किमान अर्धा भाग प्रांतिक सरकारने द्यायचा. ही पण स्पर्धाच. फरक एवढाच की इथे दुरवस्थेला गुण होते, त्यामुळे वस्ती जितकी बिकट तितकी तिची बाजू भक्कम. पुण्याच्या वेळी हे जवळजवळ उलट होतं.

आपल्याकडे असा नकाशा का नाही?

मला विचाराल तर खरी अडचण इथे आहे.

पहिलं म्हणजे आकडे जुने आहेत. वॉर्डनिहाय लोकसंख्या, घरांची अवस्था, नळ, शौचालय यांची सगळ्यात भरवशाची माहिती जनगणनेतून येते आणि शेवटची पूर्ण झालेली जनगणना 2011ची आहे. 2021ची झाली नाही. दरम्यान पुण्याच्या हद्दीत 2017मध्ये 11 आणि 2021मध्ये 23 गावं आली. पुढे त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची वेगळी काढून त्यांची नगरपरिषद केली. या सगळ्या गावांची 2011ची माहिती ‘गाव’ म्हणून आहे. आज तिथे दहा-बारा मजली इमारती आहेत आणि पाण्याची बोंब आहे. त्यांची गरज मोजायला गेलात तर हातात येतो तो एका खेड्याचा आकडा.

दुसरं म्हणजे हद्दी. महापालिका निवडणुकीआधी प्रभागरचना बदलते. गेल्या वेळचा प्रभाग या वेळी तीन प्रभागांत वाटला गेलेला असतो. तुलना करणार कशाशी?

तिसरी अडचण सगळ्यात कमी बोलली जाते. वस्ती निवडली जायला आधी ती यादीत असावी लागते. महाराष्ट्रात 1971च्या झोपडपट्टी कायद्यानुसार वस्ती ‘घोषित’ होते. घोषित वस्तीला पाणी, शौचालयं, पुनर्वसन यांचं दार उघडतं. अघोषित वस्ती तितकीच गरीब असली तरी अनेक योजनांसाठी ती जणू नसतेच. रेल्वे किंवा विमानतळाच्या, म्हणजे केंद्राच्या, जमिनीवरच्या वस्त्यांचं दुखणं आणखी वेगळं. महापालिका म्हणते जमीन आमची नाही आणि जमिनीचा मालक म्हणतो वस्ती आमची नाही.

जनगणनेची व्याख्याही मदत करत नाही. साधारण 300 लोक किंवा 60-70 घरं एकत्र असतील तरच ‘झोपडपट्टी’ मोजली जाते. नाल्याकाठची 25 घरं त्यात बसत नाहीत. अशी घरं नकाशावर आणण्याचं काम पुण्यातल्या शेल्टर असोसिएट्ससारख्या संस्था अनेक वर्षं करतायत. घरोघरी जाऊन सर्वेक्षण करायचं आणि ते जीआयएस नकाशावर चढवायचं.

वस्तीच्या आतही एक रेष असते

वस्ती निवडली की प्रश्न संपला असं वाटतं. येरवड्यात काय झालं ते बघा.

जेएनएनयूआरएम या आधीच्या केंद्रीय योजनेत शहरी गरिबांच्या घरांसाठी वेगळा भाग होता. त्यातून येरवड्यातल्या काही वस्त्यांमध्ये लोकांना न हलवता, त्याच जागेवर पक्की घरं बांधून दिली गेली. घर साधारण 270 चौरस फुटांचं आणि खर्चाचा सुमारे 10 टक्के हिस्सा कुटुंबाचा. कामात महिला मिलनच्या बायका होत्या, लोकांशी बोलून आराखडे झाले. देशभरातल्या वास्तुरचनाकारांनी याची दखल घेतली आणि ती रास्तच होती.

पण लाभ मिळाला तो कच्च्या घरांना. पोटाला चिमटा काढून, कर्ज घेऊन ज्याने आधीच भिंती विटांच्या केल्या होत्या, तो अपात्र. शेजारच्या पत्र्याच्या घराला सरकारी मजले चढले आणि याच्या घरात संडास नाहीच. नियम कागदावर बरोबर आहे, पैसा मर्यादित आहे तर सगळ्यात वाईट घर आधी. तरी त्या गल्लीत उभं राहून तो नियम समजावून सांगणं सोपं नसणार.

मुंबईत निवड बिल्डर करतो

आतापर्यंत आपण सरकार निवड करतं असं धरून चाललो. मुंबईत बऱ्याचदा तसं नसतं.

1995पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, म्हणजे आपल्या ओळखीच्या ‘एसआरए’मध्ये, सरकार पैसे देत नाही, वाढीव एफएसआय देतं. बिल्डर झोपडीधारकांना फुकट घर देतो आणि उरलेल्या बांधकामाचे फ्लॅट बाजारात विकून खर्च आणि नफा काढतो. आधी 70 टक्के रहिवाशांची संमती लागायची, नंतर ती अट 51 टक्क्यांवर आली.

आता विचार करा, बिल्डर कुठली वस्ती आधी उचलेल? जिथे विक्रीचा फ्लॅट महाग जाईल ती. गटारं सगळ्यात वाईट कुठे आहेत, हा त्याच्या हिशेबातला मुद्दाच नाही. वरळीसारख्या ठिकाणच्या वस्तीसाठी रांग लागते आणि दूर उपनगरात, डोंगरउतारावर किंवा दलदलीच्या कडेला असलेली वस्ती वर्षानुवर्षं वाट बघते. कुणी अधिकाऱ्याने तिला नकार दिलेला नसतो, कारण तिच्याबद्दल निर्णय घ्यायचं काम कुणाकडेच नसतं.

क्लस्टर पुनर्विकासाचंही बरंचसं असंच आहे. मुंबई शहरात किमान 4,000 चौरस मीटरचा भूखंड जमवता आला तर विकास नियमावलीच्या 33(9) कलमाखाली एकत्रित पुनर्विकास करता येतो. भेंडीबाजारचा सुमारे साडेसोळा एकरांचा प्रकल्प याच नियमाखालचा. पण तिथे एक ट्रस्ट होता, समाजाची घट्ट वीण होती, म्हणून शेकडो मालक आणि भाडेकरू एकत्र आणता आले. ज्या गल्लीत अशी वीण नाही तिथे 4,000 मीटर जमणार कसे?

कधीकधी निवड अपघाताने होते. 4 एप्रिल 2013ला ठाण्याजवळ शिळफाट्याला बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. ठाण्यात क्लस्टर योजनेची मागणी आधीपासून होती, पण तिला जोर आला तो त्यानंतर.

निवड होणं ही शिक्षाही असू शकते

डेन्मार्कमध्ये 2010पासून सरकार दरवर्षी काही सार्वजनिक गृहवसाहतींची यादी काढतं. 2021पर्यंत तिचं अधिकृत नाव चक्क ‘घेट्टो यादी’ होतं. बेरोजगारी, शिक्षण, उत्पन्न, गुन्हे हे निकष त्यात आहेतच. पण त्यांच्याबरोबर निम्म्याहून जास्त रहिवासी ‘अपाश्चात्त्य’ मूळ असलेले आहेत का, हेही बघितलं जातं. सलग काही वर्षं यादीत राहिलेल्या वसाहतीला 2030पर्यंत कुटुंबांसाठीच्या सार्वजनिक घरांचं प्रमाण 40 टक्क्यांवर आणावं लागतं. म्हणजे घरं विकायची, पाडायची किंवा त्यांचा वापर बदलायचा. कोपनहेगनमधल्या म्योल्नरपार्कनच्या रहिवाशांनी याविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं.

तिथले निर्देशांकातले बरेचसे घटक इंग्लंडसारखेच आहेत. एक निकष वाढवला, पुढची कारवाई बदलली आणि यादीत नाव येणं ही लोकांना धमकी वाटायला लागली. आपल्याकडेही एखाद्या भागाचं नाव जाहीर होताच पागडी, भाडं आणि जमिनीचे भाव हलतात. मालकाला ते बरं वाटतं, पण भाडेकरूला नवीन खोली शोधावी लागते आणि तो बहुतेक वेळा कुठल्याच यादीत नसतो.

पुढची निवड कुठली?

स्मार्ट सिटी मिशन 31 मार्च 2025ला संपलं. त्याआधीच, 2025-26च्या अर्थसंकल्पात केंद्राने 1 लाख कोटी रुपयांचा ‘अर्बन चॅलेंज फंड’ जाहीर केला. शहरांचा पुनर्विकास हा त्याचा एक मुख्य हेतू आहे. केंद्र प्रकल्पाच्या खर्चाचा जास्तीत जास्त 25 टक्के भाग देणार आणि किमान 50 टक्के पैसा रोखे, बँकेचं कर्ज किंवा खाजगी भागीदारीतून उभा करावा लागणार.

म्हणजे बँक ज्याला कर्ज देईल असाच प्रकल्प हवा. बाजारपेठ, स्टेशनचा परिसर, मोक्याची जमीन असलेला जुना भाग यात बसेल. नाल्याकाठची वस्ती कर्ज कशातून फेडणार?

तुमचं शहर यासाठी प्रस्ताव करत असेल किंवा उद्या दुसऱ्या कुठल्या योजनेसाठी करेल, तर ‘आमचा भाग का नाही?’ यापेक्षा नेमके प्रश्न विचारता येतात. कोणकोणत्या भागांचा विचार झाला आणि त्यांना किती गुण मिळाले? आकडे कुठल्या वर्षाचे वापरले? अघोषित वस्त्या मोजल्या का? निवडलेल्या भागातल्या भाडेकरूंचं काय ठरलंय? ही माहिती बहुतेक वेळा महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढच्या विषयपत्रात किंवा सल्लागाराच्या अहवालात असते आणि माहिती अधिकारात मागता येते. मागताना ‘निवड का केली’ असं विचारू नका, त्याला उत्तर न देण्याची सोय असते. ‘निवडीसाठी विचारात घेतलेल्या सर्व क्षेत्रांचा तुलनात्मक तक्ता आणि त्यासोबतच्या टिप्पणीची प्रत’ असं मागा.

पुण्यात आणखी एक वाट आहे. 2006पासून महापालिका अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेली कामं घेते. त्याचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. रक्कम छोटी असते, फुटपाथ, दिवे, बाकडी एवढीच कामं होतात. पण इथेही जो अर्ज भरतो त्याचीच गल्ली निवडली जाते.